तिकिटावरचा माळढोक आणि डॉ. सलीम अली

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन दा कून्हा नावाचं एक बेट आहे. बेट कसलं, समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीच तो. तिथे जेमतेम अडीचशे माणसं राहतात. विमानतळ नाही, बोटीने जायचं तर कित्येक दिवस लागतात. १९६१ साली हा ज्वालामुखी जागा झाला तेव्हा अख्खं गाव उचलून इंग्लंडला न्यावं लागलं होतं. पण एवढ्याशा या बेटाची पोस्टाची तिकिटं मात्र जगभरचे लोक विकत घेतात. त्यातल्या काही तिकिटांवर एक काळपट, लाल डोळ्यांचा, कोंबडीच्या पिल्लाएवढा पक्षी असतो. त्याला उडता येत नाही. तो शेजारच्या इनॅक्सेसिबल नावाच्या बेटावर राहतो आणि जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही.

मित्रांनो, हे सगळं सोलापूरच्या कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं कारण असं की आपल्या सोलापूरच्या पक्ष्याचंही तिकीट निघालेलं आहे, आणि आपल्या पायाखालचा काळा दगडही ज्वालामुखीचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्याचा हा बेसॉल्ट. सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको! या दगडावर जिथे मातीचा थर पातळ, मुरूम जास्त आणि वर पाऊसही कमी, तिथे मोठी झाडं धरत नाहीत. पण गवत उगवतं. अशा मैलोन्‌मैल पसरलेल्या गवताच्या माळावर राहणारा पक्षी म्हणजे माळढोक. उंची साधारण एक मीटर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांमध्ये याची गणना होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर.

१ नोव्हेंबर १९८० रोजी टपाल खात्याने माळढोकवर २ रुपये ३० पैशांचं तिकीट काढलं. जयपूरला त्यावेळी माळढोक आणि त्याच्या जातभाईंवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, हे निमित्त. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून एक माणूस या पक्ष्यासाठी भांडत होता. भारताचा राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा, असा त्यांचा आग्रह होता. ते म्हणजे पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. पुढे त्यांचंही तिकीट निघालं, पण ते नंतर सांगते.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत खेतवाडीत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडं पुष्कळ, हे सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी या पोरक्या भाच्यांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. त्यामुळे सलीमच्या हातात लहानपणीच छर्‍याची बंदूक आली आणि मोठेपणी शिकारी व्हायचं हे स्वप्नही आलं. आज आपण ज्यांना पक्ष्यांचे कैवारी म्हणतो त्यांची सुरुवात पक्षी मारण्यापासून झाली, हे लपवायचं कारण नाही. त्यांनी स्वतःही ते कधी लपवलं नाही.

दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी पाडली. उचलून बघतात तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. हा पक्षी खाल्लेला चालतो की नाही, हेसुद्धा मुलाला कळेना. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ मध्ये सुरू झालेली, आणि तिचे सेक्रेटरी होते मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. एक लहान मुलगा मेलेली चिमणी घेऊन आलाय म्हणून त्यांनी त्याला हाकललं नाही. त्यांनी पक्षी ओळखून दिला, मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली आणि पक्ष्याचं कातडं कसं टिकवायचं तेही शिकवायची सोय केली. मला वाटतं, मिलार्डसाहेब त्या दिवशी जरा घाईत असते तर पुढची सगळी गोष्टच झाली नसती.

या सोसायटीच्या ऑफिसात एकेकाळी विल्यम नावाचा धनेश पक्षी पाळलेला होता. मोठी पिवळी चोच आणि त्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा असलेला हा पक्षी तिथे पंचवीसेक वर्षं राहिला. मिळेल ते गिळायची त्याला सवय होती. एकदा त्याने पेटलेली सिगार गिळली तरी काही झालं नाही म्हणे! शेवटी १९२० मध्ये वायरीचा तुकडा गिळून तो मेला असं सांगतात. सोसायटीच्या मुंबईतल्या इमारतीचं नाव आजही हॉर्नबिल हाऊस आहे आणि १९८३ मध्ये संस्थेला शंभर वर्षं झाली तेव्हा टपाल खात्याने धनेशाचंच तिकीट काढलं.

पुन्हा सलीम अलींकडे येऊ. आपल्यापैकी ज्यांच्या एम-वन, एम-टूच्या केट्या राहिल्यात त्यांनी हा भाग नीट वाचावा. ते १९१३ मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये गेले, पण पहिल्याच वर्षी बीजगणित आणि लॉगॅरिदमने त्यांना असं काही घेरलं की कॉलेज सोडून थेट ब्रह्मदेशातलं तव्हॉय गाठलं. तिथे घरच्यांचा वुल्फ्रॅमच्या खाणींचा धंदा होता. वुल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचं खनिज, जुन्या बल्बची फिलॅमेंट ज्याची असते तो टंगस्टन. धंदा बघता बघता स्वारी जंगलात जास्त रमायची. काही वर्षांनी परत येऊन त्यांनी दावर कॉलेजमध्ये कॉमर्सचे धडे घेतले आणि झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे प्राणिशास्त्र शिकले. पण युनिव्हर्सिटीची पदवी काही पदरात पडली नाही. याच काळात, डिसेंबर १९१८ मध्ये, तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

पदवी नसल्याची किंमत त्यांनी मोजली. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीशास्त्रज्ञाची जागा निघाली तेव्हा डिग्री नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी लागली. पगार महिना साडेतीनशे, म्हणजे त्या काळी चांगलाच. पण माहिती अपुरी आहे ही टोचणी मनात होती. दोनेक वर्षांत रजा काढून ते शिकायला निघाले. लंडनकडून फारसा उत्साह दिसला नाही, म्हणून बर्लिनला प्रोफेसर एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे गेले. स्ट्रेसमान तेव्हाचे जगातले नावाजलेले पक्षीतज्ज्ञ. त्यांनी या विनापदवी विद्यार्थ्याला मनापासून शिकवलं, आणि अली त्यांनाच आयुष्यभर गुरू मानत राहिले. जर्मनीत असताना पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधायचा, तेही त्यांनी बघून घेतलं.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियममध्ये पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली! घरी बायको, हातात परदेशी शिक्षण आणि नोकरी नाही. आपल्याकडे प्लेसमेंट सीझनला असे चेहरे दिसतात. मुंबईचं भाडं परवडेना म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला सासरच्यांच्या घरात जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. करायला दुसरं काही नाही, म्हणून अली रोज तिथे शिडीवर आडोसा बांधून तासन्‌तास बसायचे आणि काय दिसतं ते वहीत टिपायचे.

त्यातून जे निघालं ते फार गमतीचं आहे. सुगरणीचं घरटं बांधतो तो नर. पण पूर्ण बांधत नाही! अर्धं, हेल्मेटच्या आकाराचं झालं की थांबतो. मग माद्या साइटवर इन्स्पेक्शनला येतात. आत शिरून, टांगून, ओढून बघतात. पसंत पडलं तर मादी ताबा घेते आणि नर उरलेलं बांधकाम पुरं करतो, खालची लांब नळी जोडतो. पसंत नाही पडलं तर ते घरटं तसंच सोडून दिलं जातं. आणि एक मादी अंड्यांवर बसली की हा गडी दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणी हिंदुस्थानात सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या, त्यांच्यावर कविताही होत्या, पण हा हिशोब कोणी मांडला नव्हता. १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा हा अभ्यास छापून आला आणि त्यांचं नाव झालं. मेलेल्या पक्ष्याची लांबी-रुंदी मोजण्याऐवजी जिवंत पक्षी काय करतो ते बघायचं, ही त्यांची पद्धत तिथे पक्की झाली.

पुढे त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. मी पगार घेणार नाही, तुम्ही प्रवास आणि मुक्कामाचा खर्च करा, मी तुमच्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. पहिली मोठी पाहणी झाली निजामाच्या हैदराबाद संस्थानाची, १९३१-३२ मध्ये. त्या वेळी आपल्या शेजारचा धाराशिव जिल्हाही त्याच संस्थानात होता. मग त्रावणकोर-कोचीन, म्हैसूर, मध्य भारत, कच्छ, अशी पायपीट वर्षानुवर्षं चालली. बैलगाडी, तंबू, कंदील आणि पहाटे उठून जंगल. तेहमिनाबाई सुखवस्तू घरात वाढलेल्या, पण त्या बरोबर असायच्या आणि मुक्कामाची सगळी व्यवस्था बघायच्या. १९३९ मध्ये एका साध्या ऑपरेशननंतर त्या गेल्या. अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. मुंबईत बहीण आणि मेव्हण्यांकडे राहू लागले आणि कामात बुडाले. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. शास्त्रीय शब्दांचा मारा नाही, पानोपानी रंगीत चित्रं, सामान्य माणसाला पक्षी ओळखता यावा असं लिखाण. पंडित नेहरूंनी तुरुंगातून हे पुस्तक इंदिराजींना दिलं होतं. पुढे डिलन रिप्ली या अमेरिकन मित्राबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, १९६८ ते १९७४ या काळात. पहिला खंड निघाला त्याच १९६८ च्या ३१ डिसेंबरला टपाल खात्याने चार पक्ष्यांची सुंदर तिकिटं काढली होती. जुने संग्राहक ती अजून जपून ठेवतात.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. हा किडकिडीत, टोकदार नाकाचा म्हातारा मोटरसायकलवेडा होता. तव्हॉयला साडेतीन हॉर्सपॉवरच्या एनएसयूपासून सुरुवात झाली, मग हार्ले-डेव्हिडसनची तीन मॉडेल्स, डग्लस, स्कॉट, न्यू हडसन, झेनिथ आणि सनबीम. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला पक्षीशास्त्रज्ञांची जागतिक परिषद होती. अलींनी आपली सनबीम मुंबईहून बोटीत चढवली आणि युरोपभर तिच्यावरून फिरत परिषदेला पोचले. वय चौपन्नावं! जर्मनीतल्या दगडी रस्त्यांवर दोन-चारदा आपटले, फ्रान्समध्ये छोटा अपघातही झाला. सामान लादलेल्या गाडीवरून ते ऐन वेळी हजर झाले तेव्हा हा माणूस थेट हिंदुस्थानातून गाडी चालवत आला अशीच आवई उठली. बीएमडब्ल्यू कधी घेता आली नाही, ही एक खंत त्यांना राहिली.

१९६० च्या सुमारास भरतपूर आणि इतर ठिकाणी त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. कडीवर एक नंबर आणि सोसायटीला कळवण्याची सूचना कोरलेली. मग रशियात कुठेतरी कोणाला तो पक्षी सापडला की मुंबईला पत्र यायचं. जीपीएस नव्हतं तेव्हा सगळी भिस्त पोस्टावर.

आता राष्ट्रीय पक्ष्याची भानगड. जगातल्या देशांनी आपापला राष्ट्रीय पक्षी ठरवावा अशी सूचना १९६० च्या सुमारास आली. अलींनी माळढोक सुचवला. हा पक्षी शिकारीमुळे आणि माळ नांगरले गेल्यामुळे झपाट्याने कमी होत होता. राष्ट्रीय मान मिळाला तर देशाचं लक्ष जाईल, हा विचार. मोराचं काय, त्याला कार्तिकस्वामी आणि कृष्णाचा आधार होताच. पण १९६३ मध्ये मोर निवडला गेला. माळढोकच्या इंग्रजी नावात एका अक्षराची चूक झाली तर शिवी होते, हे एक कारण सांगतात. मला तरी हे कारण फार केविलवाणं वाटतं. एका स्पेलिंगच्या भीतीपोटी पक्षी मागे पडला!

सोलापूरला मात्र त्याची दखल घेतली गेली. इथून वीसेक किलोमीटरवर बार्शी रोडला नान्नज आहे, तिथल्या माळावर हे पक्षी होते. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्रफळ जवळजवळ ८५०० चौरस किलोमीटर. पुढच्याच वर्षी ते तिकीट आलं. १९८० च्या दशकात अलींच्या सोसायटीच्या संशोधकांनी नान्नजलाही माळढोकचा अभ्यास केला. पण ८५०० चौरस किलोमीटरमध्ये गावं, शेतं, घरं सगळंच आलं. लोकांना जमिनीची खरेदी-विक्री करणं अवघड झालं, बांधकामं अडली. आपल्या वर्गातही माढा, मोहोळ, करमाळ्याची मुलं आहेत, त्यांना घरी विचारा. कोणी माळढोकचं नाव काढलं की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. शेवटी २०१२ च्या सुमारास अभयारण्य सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

अशी चूक सलीम अलींच्या हातूनही झाली होती, आणि त्यांचं चरित्र लिहिणारे हा भाग बरेचदा गाळतात. भरतपूरच्या राष्ट्रीय उद्यानात गावकऱ्यांच्या म्हशी चरायच्या. त्यामुळे पक्ष्यांना त्रास होतो असं धरून १९८२ मध्ये चराईबंदी झाली. अलींचा बंदीला पाठिंबा होता. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि मग सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासातून उलटंच दिसलं. म्हशी नसल्यामुळे पाण्यात गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांची सोय गेली. हा अभ्यास अलींच्या हयातीत, त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेला. निष्कर्ष आले तेव्हा ते नव्हते. पण किहीमच्या शिडीवर जी सवय त्यांनी लावून घेतली, तीच त्यांच्या संस्थेने त्यांच्या मताविरुद्धही चालवली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

इंजिनियरांशी त्यांचा एकदा समोरासमोर सामना झाला तो केरळातल्या सायलेंट व्हॅलीत. कुंतीपुळा नदीवर १२० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प होणार होता. तिथलं सदाहरित जंगल बुडू नये म्हणून जे उभे राहिले त्यांत ऐंशी ओलांडलेले अलीही होते. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला आणि ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला विद्यापीठांनी मानाच्या डॉक्टरेट दिल्या. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नेमले गेले. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातही ती चिमणी आहेच. १९८७ मध्ये, नव्वदीत, मुंबईत त्यांचं निधन झालं. १९९६ मध्ये जन्मशताब्दीला त्यांच्यावर जोडतिकीट निघालं, ८ आणि ११ रुपयांचं, त्यावर ते स्वतः आणि रंगीत करकोचे.

त्याआधी १९९४ मध्ये टपाल खात्याने चार दुर्मिळ पाणपक्ष्यांची तिकिटं काढली होती. त्यात अंदमान बेटांवरचं बदक होतं, आणि बहुधा कायमचं नाहीसं झालेलं गुलाबी डोक्याचं बदकही. पण शाई पाण्यात विरघळणारी निघाली! तिकीट पाकिटावरून सोडवायला भिजवलं की चित्र जायचं. पाणपक्षी पाण्यातच गेले, आणि तिकिटं मागे घ्यावी लागली.

माळढोकच्या तिकिटाची शाई पक्की होती, पण पक्षी टिकला नाही. आज देशभरात ते दीडशेच्या आतबाहेर उरलेत, बहुतेक राजस्थानात. आता त्यांना मोठा धोका बंदुकीचा नाही, आपल्या इलेक्ट्रिकल ब्रँचचा आहे. माळढोकचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि एवढं वजन घेऊन ऐन वेळी वळता येत नाही. हाय टेन्शनच्या तारा दिसेपर्यंत तो त्यांवर आदळलेला असतो. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. पण ते सरसकट शक्य नाही, खर्चही प्रचंड, आणि वीज तर सौर आणि पवन ऊर्जेची. त्यामुळे २०२४ मध्ये कोर्टाने तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तारांवर फिरत्या चकत्या लावतात, म्हणजे लांबून दिसाव्यात, पण त्या किती टिकतात यावर अजून काम चालू आहे. फायनल इयरला प्रोजेक्टचा टॉपिक सुचत नसेल त्यांनी जरूर विचार करावा. जैसलमेरला २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतात, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं.

नान्नजला आजही जाता येतं. सकाळी लवकर गेलात तर काळविटांचे कळप हमखास दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. माळढोकचं काही सांगता येत नाही. अलीकडच्या वर्षांत एखादी मादी दिसली तरी दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते.